जुनं फर्निचर रंगवून भाड्याचं घर आपलंसं करताना

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात भाड्याचा फ्लॅट आहे, घरमालक भिंतींना हात लावू देत नाही. जुन्या बाजारातून एक सागवानी कपाट, एकमेकींशी न जुळणाऱ्या चार लाकडी खुर्च्या आणि सनमायका लावलेलं एक ड्रेसिंग टेबल घेतलं आहे. हे स्वतः रंगवून घर आपलं वाटेल असं करायचं आहे. कोणता रंग घ्यावा, तो सुटू नये म्हणून काय करावं आणि सुरुवात कुठून करावी?

सुरुवात रंगाच्या दुकानातून करू नका. तुमच्याकडच्या तिन्ही वस्तूंच्या अंगावर आधीचं काहीतरी आहे आणि तिन्हींवर ते वेगवेगळं आहे. नवा रंग लाकडाला नव्हे, या जुन्या थराला धरतो. म्हणून आधी तो थर ओळखायचा. कपाटाच्या मागच्या कडेला, दिसणार नाही अशा जागी, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. खाली चिकट झालं आणि कापसाला तपकिरी रंग आला तर ते लाखेचं जुनं पॉलिश आहे. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने पृष्ठभाग विरघळला, तर ती लॅकर आहे. दोन्हींनी ढिम्म हललं नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा जुना ऑइलपेंट. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

जुना ऑइलपेंट निघाला तर एक काळजी घ्या. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे 90 पीपीएमची कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्या छटांमध्ये. असा रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओला घासा, एन-95 मास्क लावा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि निघालेला चिखल त्यातच गुंडाळून टाका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हे काम घरात करूच नका.

आता कपाट. ते रंगवायचंच का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. जुन्या सागाच्या रुंद फळ्या, नीट रेषा आणि कोरीव काम असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बाहेरून रंगवू नका. शिसवी वस्तूंना तर कधीच नाही. सपाट फळीवरचा रंग पुढे कधी काढता येतो, कोरीव खाचांतला काढताना नक्षीच झिजते. अशा कपाटाला बाहेरून साफ करून लाखेचा हलका हात द्या आणि रंग आत द्या. पाठीमागची फळी आणि फळ्यांच्या पुढच्या कडा मोरपंखी किंवा डाळिंबी केल्या की दार उघडल्यावर जे दिसतं ते पूर्ण तुमचं असतं. पण कपाट साधं असेल, मधे प्लायची ठिगळं असतील, एका दाराची छटा दुसऱ्यापेक्षा वेगळी असेल, तर बिनधास्त रंगवा. ठिगळं झाकायला रंगासारखा उपाय नाही.

रंगवायचं ठरलं तर बिजागऱ्या, कड्या, मुठी सगळं काढा. प्रत्येक खणाच्या मागे पेन्सिलने आकडा लिहा, कारण हाताने बनवलेल्या जुन्या कपाटात प्रत्येक खण आपापल्याच जागी नीट सरकतो. स्क्रू कागदी पाकिटात घालून त्याच बिजागरीला चिकटवून ठेवा.

धुण्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा पुरतो. फडकं पिळून पुसा, लाकूड भिजवू नका, मग साध्या पाण्याने दोनदा पुसून एक दिवस वाळू द्या. त्यानंतर टर्पेंटाइनने पुन्हा एकदा पुसा. आपल्याकडे जुन्या लाकडी वस्तूंना खोबरेल तेल किंवा चमक आणणारे स्प्रे चोळलेले असतात. तेल पाण्याने पूर्ण जात नाही, आणि स्प्रेमधलं सिलिकॉन त्याहून चिवट. ते राहिलं की रंगाला माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. असे खड्डे दिसले तर वरून आणखी रंग लावून उपयोग नाही. वाळू द्या, घासा, टर्पेंटाइनने पुसा आणि त्या जागी लाखेचा पातळ हात देऊन मग रंग लावा.

लाखेचं पॉलिश शाबूत असेल तर ते खरवडून काढण्याची चूक बहुतेक जण करतात. सागात स्वतःचं तेल असतं आणि तपकिरी रंग सोडणारं द्रव्यही. पाण्यात मिसळणारा फिका रंग थेट उघड्या सागावर लावला की दोन दिवसांत पिवळट-तपकिरी डाग वर येतात. कितीही हात मारा, ते येतच राहतात. लाख हा डाग अडवते. म्हणजे जुनं पॉलिश हाच तुमचा फुकटचा अडसर आहे. 220 नंबरच्या पॉलिश पेपरने त्याची चमक मोडेपर्यंत घासा, एवढंच. जिथे लाकूड उघडं पडलं असेल तिथे चपडा लाख (पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख) लावा. लिटरभर स्पिरिटला 150 ग्रॅम लाख काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा. तळाशी गढूळ मेण बसतं. वरची निवळ तेवढी वापरायची, कारण मेणावर पुढचा थर नीट धरत नाही. दोन पातळ हात, मध्ये तासाभराचं अंतर, मग 320 ने हलकं घासणं.

त्यानंतर वुड प्रायमर, मग खाचाखोचांत लांबी (पुट्टी), ती वाळल्यावर 180 आणि 220 ने घासून पुन्हा प्रायमर. लांबीवर प्रायमरचा दुसरा हात चुकवू नका. लांबी रंग शोषते आणि तिथे मंद ठिपके दिसतात, ते उजेड तिरपा पडला की हमखास कळतात. घासणं नेहमी रेषेच्या दिशेने. आडव्या घासणीचे ओरखडे सॅटिन, म्हणजे मंद चमकेच्या रंगाखालूनही दिसतात.

रंग किती लागेल? सहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाची दर्शनी बाजू 18 चौरस फूट, दोन बाजू मिळून 18, वरचा भाग साडेचार. म्हणजे सुमारे 40. दोन हातांचे 80. एका लिटरात एका हाताला साधारण 100 ते 120 चौरस फूट होतात, तेव्हा एक लिटर भरपूर झाला. रंग मलमलीतून गाळून घ्या. सपाट भागाला चार इंची फोमचा रोलर, कडांना एक इंची ब्रश. पहिल्या आणि दुसऱ्या हातामध्ये ऑइल एनामलला पूर्ण दिवस, वॉटर-बेस्ड एनामलला डब्यावर लिहिलेले तास. ऑइल एनामलचा जाड थर दिला किंवा खालचा हात ओला असताना दुसरा चढवला की कातडीसारख्या सुरकुत्या पडतात.

दोनपैकी कोणतं एनामल घ्यावं याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे. ऑइल एनामल चिवट असतं, पण पांढरा आणि फिका ऑइल रंग अंधारात पिवळा पडतो, आणि कपाटाच्या आत अंधारच असतो. शिवाय त्याचा वास बंद कपाटात कित्येक आठवडे कपड्यांना लागतो. म्हणून आत वॉटर-बेस्डच. बाहेर गडद रंगाला ऑइल चालेल. चमक सॅटिनची घ्या. ग्लॉसमध्ये जुन्या फळीची प्रत्येक खोक उठून दिसते.

दोन जागा अशा आहेत जिथे नवखे हात हमखास फसतात. एक, खणांच्या बाजू आणि त्यांचे सरकण्याचे मार्ग. तिथे रंग लावूच नका. रंगाच्या थराने जागा कमी होते आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की खण अडकतो. तिथे मेणबत्ती घासा. दुसरी जागा दाराची. जुन्या दाराच्या चौकटीत मधली फळी सैल बसवलेली असते, म्हणजे हवेप्रमाणे तिला फुगता-आकसता यावं. दमट दिवसांत चौकट आणि फळी एकत्र रंगवली की थंडीत फळी आकसते आणि तिच्या कडेला उघड्या लाकडाची रेघ दिसते. त्यासाठी आधी फळीच्या कडा, शक्य तितक्या चौकटीच्या आतपर्यंत, पातळ रंगाने रंगवा, मग बाकीचं. फटीत रंग साचू देऊ नका.

सनमायकाचं ड्रेसिंग टेबल हे तिघांत सर्वांत अवघड, कारण त्याला शोषणारं अंगच नाही. आधी कडा आणि पाय तपासा. आत भुशाची बोर्ड असेल आणि पाणी लागून फुगली असेल तर त्यावर वेळ घालवू नका, फुगलेली बोर्ड परत बसत नाही. शाबूत असेल तर सुटलेला सनमायका चिकटवून घ्या, साबणाने धुवा, 180 ने सगळीकडे घासा. चमकणारा एकही ठिपका उरता कामा नये. नेहमीचा वुड प्रायमर इथे नखाने निघतो. दोन भाग मिसळायचा इपॉक्सी प्रायमर घ्या, किंवा गुळगुळीत पृष्ठभागासाठीचा खास प्रायमर. इपॉक्सी जेवढा मिसळाल तेवढा काही तासांत वापरावा लागतो, म्हणून थोडा थोडा मिसळा.

आणि संपूर्ण टेबल रंगवण्याआधी एका बाजूच्या कोपऱ्यात वीतभर जागा पूर्ण पद्धतीने रंगवून आठवडाभर थांबा. मग ब्लेडने आडव्या-उभ्या सहा-सहा रेघा पाडा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. चौकोन जागेवर राहिले तर पुढे जा. निघाले तर घासणं कमी पडलंय किंवा प्रायमर चुकलाय. हा आठवडा वाचवायला गेलेल्या टेबलांचा रंग बांगड्या आणि कंगवे घासून पहिल्या महिन्यात उडतो. वरच्या पाट्याला काच टाकलीत तर उत्तम, पण रंग किमान तीन आठवडे वाळल्यावर. ताज्या रंगावर काच चिकटून बसते.

खुर्च्यांना रंगाआधी दुरुस्ती हवी. खुर्ची उलटी करून सांध्यांत, स्क्रूच्या भोकांत आणि सीटच्या खाली टॉर्च मारा. काळे बारीक ठिपके म्हणजे ढेकूण. खरेदीच्या वेळी दिसले तर वस्तू तिथेच सोडावी. घरी आल्यावर दिसले तर खुर्ची बाल्कनीतच ठेवून वाफेच्या यंत्राने प्रत्येक फट शेकावी. मिलिमीटर-दोन मिलिमीटरची भोकं आणि खाली ताजा पिठासारखा भुसा म्हणजे लाकूड पोखरणारे किडे. त्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड दीडास एक या प्रमाणात पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला पाजतात. रंगाच्या थरावरून ते आत जात नाही, म्हणून आधी घासून लाकूड उघडं करणं भाग आहे.

डुगडुगणाऱ्या खुर्चीला खिळा मारू नका. खिळ्याने कूस (सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक) फाटते आणि पुढे तो सांधा नीट उघडताही येत नाही. सांधा सोडवा, जुना वाळका डिंक खरवडून काढा, फेविकॉल लावून बसवा. चारी पायांभोवती सुतळीचा फेरा घालून त्यात काठी अडकवून पीळ द्या आणि 24 तास तसंच ठेवा. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर फेविकॉलमध्ये बुडवलेल्या बांबूच्या काड्या ठोकून भरा आणि वाळल्यावर पुन्हा स्क्रू मारा. वेताची विणलेली सीट असेल तर ती रंगवू नका. वेत बसताना वाकतो आणि रंग वाकत नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, कोणता रंग. घरमालकाच्या भिंती बहुधा क्रीम, फरशी चकचकीत फिकट. अशा खोलीत तीन वस्तूंना तीन रंग दिले की खोली दुकानासारखी दिसते. एकच वस्तू बोलू द्या. कपाट मोठं आहे, तेव्हा तेच बोलू दे, बाकीच्यांनी त्याला साथ द्यावी. रंग निवडताना शेडकार्ड उघडण्याआधी स्वतःचं कपड्यांचं कपाट, चादरी आणि भांड्यांची मांडणी बघा. ज्या दोन-तीन रंगांकडे हात वारंवार जातो ते तिथे आधीच ठरलेले असतात. इरकलीतला शेवाळी आणि काठातला लाल, पैठणीतला चिंतामणी, आमसुली, हळदी. हे रंग सगळ्यांना ओळखीचे आहेत म्हणून घरात रुळतात.

मात्र कापडावरचा रंग जसाच्या तसा सहा फुटी कपाटावर नेऊ नका. साडीत तो घडीघडीने मोडतो, कपाटावर सपाट पसरतो आणि दुप्पट भडक वाटतो. त्याच रंगात थोडी राखाडी मिसळलेली छटा घ्या. लहान डबा आणून दोन जाड पुठ्ठे रंगवा, कपाट जिथे उभं राहणार तिथे टेकवा आणि सकाळी, दुपारी, दिवे लावल्यावर असं तीन वेळा बघा. आपल्याकडे बहुतेक घरांत 6500 केल्विनचे पांढरे दिवे असतात. त्यात शेवाळी निळसर होतो आणि आमसुली काळवंडतो. 3000 केल्विनचा दिवा लावलात तर तेच रंग उबदार दिसतात. कधी कधी रंग नव्हे, दिवा बदलायचा असतो.

चार न जुळणाऱ्या खुर्च्यांना जुळवायचे दोन मार्ग आहेत. चौघींना कपाटाच्याच रंगात रंगवा, म्हणजे घाट वेगळा असला तरी त्या एका घरातल्या दिसतील. किंवा चार रंग द्या, पण चारही सारख्याच गडदपणाचे: गेरू, शेवाळी, राखाडी निळा, मोहरी. त्यात एक फिकी पिस्ता घुसली की नजर फक्त तिच्यावर जाते. ड्रेसिंग टेबल शांत ठेवा, बदामी किंवा भिंतीच्या जवळचा रंग, आणि मुठी मात्र कपाटाच्या रंगातल्या.

नक्षीसाठी लांब जायची गरज नाही. रंगवलेल्या लाकडाची आपली स्वतःची परंपरा सावंतवाडीत आहे. तिथे गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) रंगवणाऱ्या चिताऱ्यांच्या हातून खेळणी, पाट, चौरंग रंगतात. तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफाच्या डावात दहा रंगांचे बारा-बारा असे 120 गोल पत्ते असतात. त्यांच्याकडून चित्राआधी मांडणी शिकावी: सपाट भक्कम जमीन, कडेला बारीक रेघेची चौकट, मधोमध एक गोल आकृती. खणाच्या दर्शनी फळीवर ही मांडणी अगदी बेतशीर बसते, मूठ त्या गोलाच्या मध्यावर येते. अवतारांची चित्रं मात्र चिताऱ्याकडूनच करून घ्यावीत. वारलीचंही तसंच. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, हा वारली समाजात पूजेचा भाग आहे, तो टेबलाच्या पाट्यावर नक्कल करून ताट ठेवण्यासाठी नाही. वारली कलाकाराला काम सांगा, तो काय कुठे शोभेल ते सांगेल.

स्वतः करायचं असेल तर ठिपक्यांची रांगोळी घ्या. ती मुळात मोजून काढलेली असते, म्हणून चौकोनी फळीवर चुकत नाही. पारदर्शक प्लास्टिकच्या जाड शीटवर काढून ब्लेडने कापा. आकृतीचे तुकडे गळून पडू नयेत म्हणून मधे तीन-चार मिलिमीटरचे पूल ठेवा. ब्रश रंगात बुडवल्यावर कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि उभा धरून ठोका. ब्रश ओला असला की रंग शीटखाली शिरतो आणि कड फुटते. वर पाण्याच्या पीयूचा किंवा वॉर्निशचा पारदर्शक हात द्या, फिक्या रंगावर शक्यतो पाण्याचाच, कारण तेलाचं वॉर्निश पिवळसर झाक आणतं.

खणाच्या तळाला खण लावणं ही मात्र अगदी आपल्या घरची गोष्ट आहे. नारायणपेठी काठाचा तुकडा किंवा खणाचं कापड, फेविकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून तळाला लावायचं आणि कापड मधून कडेकडे दाबत न्यायचं. कापड आधी एकदा धुऊन घ्या, नाहीतर आकसतं आणि रंगही सोडतं.

हवेचं सांगायचं तर काम ऑक्टोबर ते मे या काळात करा. पावसाळ्यात लाखेवर पांढुरकी धुरकट साय येते आणि ऑइल रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. कोकणात आणि गोव्यात तर जून ते सप्टेंबर ब्रशला हातच लावू नये. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा त्रास, रंग ब्रशखालीच सुकतो आणि फराटे राहतात, तेव्हा सकाळी दहाच्या आत आटपा. वस्तू उन्हात वाळवू नका. दारं बसवल्यावर पहिला आठवडा पूर्ण बंद करू नका, कडेला पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. वॉटर-बेस्ड रंगाच्या दोन कडा एकमेकींना चिकटतात आणि उघडताना सालपट निघतं. जवसाच्या तेलाची किंवा तेलाच्या वॉर्निशची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. वाळताना ती स्वतःहून तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

मुठी बदलताना जुन्या भोकांमधलं अंतर मोजा. बाजारातल्या मुठी बहुधा 64, 96 किंवा 128 मिलिमीटरच्या असतात. जुळत नसेल तर एक भोक लांबीने बुजवून मधे एकच गोल मूठ लावा. हे रंगाआधी करायचं, नंतर नव्हे. जुन्या पितळी मुठी असतील तर चिंचेच्या कोळाने घासा आणि त्याच लावा, नव्यांत ते वजन नसतं.

उरलेला रंग फेकू नका. लहान काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, म्हणजे आत हवा राहत नाही आणि वर साय धरत नाही. बरणीवर रंगाचं नाव, शेडचा नंबर, कोणत्या वस्तूचा आणि तारीख लिहा. भाड्याचं घर बदलताना टेम्पोत कपाटाचे कोपरे घासतातच. तेवढी जागा 320 ने घासून त्याच बरणीतला रंग बारीक ब्रशने लावला की नव्या घरात कपाट पहिल्याच दिवशी उभं करता येतं.